घाट चढून आल्यावर टर्बो इंजिन किती वेळाने बंद करायचं?

प्रश्न असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरातलं कुटुंब, बीएस ६ डिझेल एसयूव्ही, महिन्यातून दोन-तीनदा ठाण्याला जाणं-येणं. परत येताना कसारा घाट चढला की इगतपुरीला चहाला थांबायचं आणि गाडी उभी राहिली की लगेच बंद करायची, ही सवय. गॅरेजचे मिस्त्री म्हणतात, "टर्बोची गाडी आहे, दर वेळी तीन मिनिटं चालू ठेवूनच बंद करा." घरातला मुलगा म्हणतो, "ते जुन्या गाड्यांचं. आताच्या गाड्यांना काही लागत नाही." ऐकायचं कोणाचं? आणि चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा, बाजारात मिळणारा टर्बो टायमर बसवून घ्यावा का?

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. रोज घरी आल्यावर घड्याळ लावून तीन मिनिटं बसायची काही गरज नाही. पण इगतपुरीच्या त्या चहाच्या थांब्याला मिस्त्रींचं ऐकाच. गाडी जुनी की नवी यापेक्षा बंद करण्याआधीच्या चार-पाच मिनिटांत इंजिन किती ओढत होतं, हे पाहायचं.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. एक पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या कारच्या टर्बोत हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पूर्ण ताणावर डिझेलमध्ये गरम बाजूला येणारा वायू ७५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पेट्रोलमध्ये ९५० च्याही वर जातो. एवढ्या वेगाच्या दांड्याला आधार म्हणाल तर बहुतेक गाड्यांत पितळी जातीच्या धातूचे बुश आणि त्यांच्या आत-बाहेर तेलाचा पातळ पडदा, इतकंच. दांडा बुशवर टेकून फिरत नाही, तेलावर तरंगत फिरतो. तेच तेल दांड्याची उष्णता ओढून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, नेतं. हे तेल येतं इंजिनाच्या ऑइल पंपाकडून, आणि पंप इंजिनावरच चालतो. म्हणजे तुम्ही गाडी बंद केलीत की त्याच क्षणी तेलाचा दाब संपला.

गरम टर्बो असा अचानक थांबवला की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे दांडा आपल्या वेगाने काही सेकंद फिरत राहतो, पण आता तेलाशिवाय. आयडलवरून, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, बंद केलं असेल तर वेग मुळात कमी असतो, बुशात उरलेल्या तेलावर निभावतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट. गरम बाजूचं हाउसिंग जाड ओतीव लोखंडाचं असतं. वायू थांबला म्हणून ते गार होत नाही. चालू इंजिनात तेल सतत वाहत असल्यामुळे मधला बेअरिंगचा, म्हणजे त्या बुशांचा, भाग त्या मानाने थंड असतो, आणि तेल थांबलं की हाउसिंगची साठलेली उष्णता दांड्यावाटे याच भागात शिरते. त्यामुळे बेअरिंग सर्वांत जास्त तापतं ते गाडी चालू असताना नव्हे, बंद केल्यानंतर काही मिनिटांनी. तुम्ही चहाचा पहिला घोट घेता, साधारण तेव्हा.

आत अडकलेल्या तेलाचं काय होतं, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. कढईच्या बाहेरच्या कडेला तेलाचा ओघळ येऊन तिथेच जळत राहिला की काळा, कडक, घासूनही न निघणारा थर बसतो. टर्बोच्या आत नेमका हाच थर बसतो. तिथलं तापमान अडीचशे-तीनशे अंशांकडे सरकलं की तेल करपून घट्ट होऊ लागतं. एका वेळचा थर नगण्य असतो. पण तेलाच्या वाटा अगदी बारीक, आणि थर एकावर एक चढत जातो. मग दोनपैकी एक होतं. एक तर वाट अरुंद होऊन बुशला तेल कमी पडतं, नाही तर कडक कण सुटून बुश आणि दांड्यामध्ये वाळूसारखे घासतात. दांडा डुलायला लागतो, पंख्याची पाती हाउसिंगला लागतात आणि टर्बो संपतो. हे एका चहाने होत नाही, वर्षानुवर्षांच्या चहाने होतं. म्हणून "मी कायम लगेच बंद करतो, काही झालं नाही" या म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. नाशिकच्या माणसासाठी चढ कुठे संपतो हेच खरं महत्त्वाचं आहे.

ठाण्याला जाताना कसारा घाट उताराचा. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, इंजिन ब्रेकिंग चालू. अशा वेळी इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत. सिलिंडरमधून नुसती हवा जाते आणि तीच टर्बोच्या गरम पंख्यावरून वाहते. याच्याइतकी चांगली कूलिंग आयडलवर उभं राहून मिळत नाही. घाट उतरून कसाऱ्याला थांबलात तर हँडब्रेक ओढेपर्यंतचा वेळ पुरतो, लगेच बंद करा. (टर्बो गार करण्यासाठी म्हणून घाटात न्यूट्रल करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरतं इंधन जळतं, शिवाय ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वेगळाच.)

येताना सगळं उलट. कसाऱ्यापासून वर भरलेली गाडी, एसी चालू, ट्रकच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढ आणि जागा मिळाली की पाय पूर्ण दाबून ओव्हरटेक. घाट संपतो तिथेच घाटनदेवीचं मंदिर. बरेच जण हात जोडायला लगेच गाडी बाजूला घेतात. टर्बोच्या दृष्टीने सगळ्या प्रवासातला सर्वांत तापलेला क्षण हाच. इथे चावी फिरवायची असेल तर पूर्ण दोन ते तीन मिनिटं आयडलवर द्या. त्यापेक्षा चांगलं म्हणजे मंदिरापुढे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मग इगतपुरीत थांबा. ५०-६० चा वेग, वरचा गिअर, काटा १५०० ते १८०० आरपीएमच्या आत, ओव्हरटेक नाही. टर्बो जोर लावत नाही, गरम वायूचं तापमान पडतं आणि तेल-पाणी मात्र भरपूर फिरत राहतं. असं चालवून आलात तर थांबल्यावर मिनिटभर पुरे.

कूलिंगचं मुख्य काम गाडी उभी करून होत नाही, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये होतं. हे अंगवळणी पडलं की घड्याळाकडे बघावं लागत नाही.

सप्तशृंग गडाचं प्रकरण कसाऱ्यापेक्षाही कठीण आहे. नांदुरीपासून साधारण दहा किलोमीटरचा घाट, यात्रेत किंवा नवरात्राच्या आगेमागे गर्दीच्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या गिअरची रांग, समोरून वारा नाही, आणि वर पोचलं की थेट पार्किंग. सावकाश चालवायला सपाट दोन किलोमीटर मिळतच नाहीत. त्यामुळे तिथे आयडलवर तीन मिनिटं द्यावीच लागतात. सगळे उतरून सामान, ओटीचं ताट काढेपर्यंत तेवढा वेळ जातोच, फक्त चालकाने गाडीपाशी थांबायचं. चालू गाडीत लहान मुलांना एकटं ठेवू नका. त्र्यंबकेश्वरचा रस्ता बहुतेक सपाट, शेवटी गावातली गर्दी. तिथे काहीही वेगळं करायची गरज नाही.

समृद्धीवर चढ तितका त्रासाचा नाही, तिथे वेगामुळे टर्बो तापतो. इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बरेच नाशिककर ठाण्याहून तिकडूनच येतात. कसाऱ्याजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा घाटाची वळणं वाचवतो, पण गाडी वर तर चढतेच, आणि तीही १०० ते १२० च्या वेगाने, सलग. इगतपुरीच्या इंटरचेंजला उतरून घोटीमार्गे घरी यायचं असेल तर काळजी नको, पुढच्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरमध्ये पाथर्डी फाट्याची आणि मुंबई नाक्याची गर्दी टर्बोला पूर्ण शांत करते. अडचण येते ती १२० वरून सरळ पेट्रोल पंपावर शिरणाऱ्यांची. पंपावर इंजिन बंद करणं सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून पंपाची पाटी दिसली की आधीच डाव्या लेनला येऊन वेग उतरवा, आणि नोझलपाशी जाण्याआधी पंपाच्या आवारात बाजूला दोन मिनिटं उभे राहा. रांग असेल तर रांगेतच ते होऊन जातं.

घाटातल्या कोंडीबद्दल एक वेगळी सूचना. तुमच्या गाडीत सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असेल तर घाट सुरू होताना तिचं बटण दाबून ती बंद करा. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन फार तापलेलं असेल तर ही यंत्रणा स्वतःच थांबते, पण शनिवार-रविवारच्या कोंडीत दहा वेळा ओढ आणि दहा वेळा बंद, हे तिच्या भरवशावर सोडू नये. घाटातच गाडी बंद पाडायची वेळ आली, म्हणजे पुढे अपघात झालाय आणि तासभर काही हलणार नाही, तर आयडलवर दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बंद करा.

शहरातलं थोडक्यात. इंदिरानगर, गंगापूर रोड, कॉलेज रोड, कुठेही घरी येताना शेवटची दहा मिनिटं तुम्ही तीस-चाळीसच्या वेगाने येता. गेट उघडणं, गाडी मागे घेऊन लावणं, आरसे मिटणं यात वीस-तीस सेकंद जातात. तेवढे पुरेत. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये पाच मिनिटं डिझेल घरघरत ठेवण्याने टर्बोचं भलं होत नाही. उलट आयडलवर ज्वलन अर्धवट राहतं, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांत काजळी बसते, टर्बोच्या हलणाऱ्या पात्यांनाही काजळी चिकटते. बंदिस्त बेसमेंटमध्ये तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, तिथे असं मुळीच करू नका.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे ते पेट्रोल टर्बोच्या बाबतीत. आजच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंच्या मधल्या भागाभोवती कूलंट फिरतो. गाडी बंद केल्यावरही तापलेलं पाणी वर चढतं, थंड खाली येतं, असं आपोआप अभिसरण चालू राहतं. काही गाड्यांत त्यासाठी विजेवर चालणारा छोटा पंप असतो आणि तो इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटं पाणी फिरवतो. बंद गाडीतून घूं असा आवाज किंवा रेडिएटरचा पंखा चालू असलेला ऐकू आला तर घाबरू नका आणि तेवढ्यात बॅटरीची वायर काढू नका. मात्र पेट्रोलचा वायू डिझेलपेक्षा शे-दीडशे अंशांनी जास्त गरम असतो, त्यामुळे घाटानंतर मिनिट-दोन मिनिटं द्यायची ती पेट्रोललाही द्या. छोट्या डिझेलमधले अनेक टर्बो मात्र फक्त तेलावर थंड होतात, त्यांना पाण्याचा आधार नाही. म्हणून मिस्त्रींची सवय डिझेलवरच घडलेली आहे आणि ती चुकीची नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टर्बोचं पान असतं, त्यात जास्त वेळ लिहिला असेल तर तोच पाळा.

बीएस ६ डिझेलमध्ये आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे डीपीएफची सफाई. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जास्तीचं डिझेल मारून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. ओळखायचं कसं? आयडलचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर, पंखा मोठ्याने चालू, जळका वास, स्क्रीनवरचं ताजं मायलेज एकदम घसरलेलं. अशा वेळी घर आलं तरी शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं हायवेवर फिरून या आणि ते पूर्ण होऊ द्या. बंदच करावी लागली तर आयडलवर दोन मिनिटं द्या. सफाई वारंवार अर्धवट तुटली की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं तेल टर्बोचा बुश खातं. तेव्हा किलोमीटर न मोजता तेल बदला.

आता एक सवय, जिच्यामुळे बाकीची सगळी काळजी फुकट जाते. गाडी बंद करताना शेवटची एक रेस देणं. जुन्या ट्रकवाल्यांकडून ही आली असावी, अजूनही पिकअप आणि टेम्पोवाले सर्रास करतात. त्या एका रेसने टर्बोचा दांडा क्षणात प्रचंड वेग घेतो, आणि त्याच क्षणी तेल बंद. तीन मिनिटं आयडलवर घालवून शेवटी एक रेस दिली तर तो सगळा खटाटोप वाया गेला.

सकाळी चालू करतानाही हेच, उलट क्रमाने. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, नाशिक शहरातही पहाटे दहाच्या खाली जातो. तेल तेव्हा घट्ट असतं आणि इंजिनाच्या वरच्या कोपऱ्यातल्या टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं. चालू केल्यावर वीस-तीस सेकंद रेस नको, आणि पहिले चार-पाच किलोमीटर काटा २००० च्या आत.

टर्बो टायमर बसवू नका. चावी काढल्यावरही इंजिन ठरलेला वेळ चालू ठेवणारी ही पेटी इग्निशनच्या वायरिंगला तोड देऊन बसते, त्यामुळे वॉरंटीला अडचण येते. बटण-स्टार्ट आणि इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत ती नीट जमतही नाही. सोडून गेलेली चालू गाडी उतारावर किंवा बंद पार्किंगमध्ये धोक्याचीच. शिवाय तिला घाट आणि घर यातला फरक कळत नाही. तीन मिनिटांच्या आयडलला फार तर चाळीस-पन्नास मिलिलिटर डिझेल लागतं, म्हणजे चार-पाच रुपयांचं. तेवढं स्वतः बसून खर्च करा.

टायमरचे पैसे तेलावर घाला. डीपीएफच्या डिझेलला कमी राखेचं सिंथेटिक तेल लागतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तोच घ्या, डब्यावर एसीईए (तेलाच्या दर्जाचं युरोपीय मानक) सी२ किंवा सी३ असं काही लिहिलेलं असतं ते जुळवून बघा. बदलाची मुदत बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असते. महिन्यातून दोन-तीनदा घाट, मधल्या काळात शाळा-बाजाराच्या छोट्या फेऱ्या आणि वारंवार अर्धवट राहणारी सफाई असं चालत असेल तर ७,००० ते ७,५०० ला बदललेलं बरं. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मधोमध किंवा मध्यापेक्षा किंचित वर ठेवा, वरच्या खुणेपलीकडे कधीच नको.

टर्बो बिघडतोय हे आधी कळतं. ओढ घेताना अँब्युलन्सच्या सायरनसारखी चढत जाणारी नवी शिट्टी. सिग्नलला मिनिटभर उभं राहून निघताना निळा धूर. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेल घालावं लागणं. काळा धूर आणि पिकअप गेलेला असेल तर मात्र आधी इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी होज आणि त्यांचे क्लिप तपासायला सांगा. फाटलेला होज किंवा सैल क्लिप अनेकदा "टर्बो गेला" म्हणून खपवला जातो आणि पाच आकडी बिल येतं. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा हलका ओलसर थर असणं नेहमीचं आहे. वाटीभर तेल निघालं तर मात्र काळजीचं. हवेच्या बाजूचा पाइप काढून इंजिन थंड असताना दांडा बोटांनी हलवून बघता येतो. आडवा किंचित डुलला तर चालतं, कारण तो तेलावरच तरंगायचा असतो. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती हाउसिंगला लागल्याच्या खुणा दिसत असतील तर गाडी चालवू नका. टर्बोतून सुटलेलं तेल इंजिनात शिरलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम पळतं आणि चावीने बंद होत नाही. तशी वेळ आलीच तर मॅन्युअल गिअरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवा.

टर्बो बदलायची वेळ आली तर एक गोष्ट ठामपणे सांगा: तेल आणणारा पाइपही नवा घ्यायचा. काही गाड्यांत त्याच्या पोकळ बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती जुन्या करपलेल्या तेलाने बुजलेली असते. जुनाच पाइप आणि बोल्ट लावला तर नवा टर्बो त्याच कारणाने, आणि फार लवकर जातो. तांब्याचे वॉशर नवे, परतीचा जाड पाइप आतून स्वच्छ, तेलाच्या कुठल्याही जोडावर सिलिकॉन सीलंट नाही, कारण त्याचा तुकडा सुटला की वाट बंद. इंटरकूलर उतरवून आतलं तेल आणि धातूचे कण धुवायचे, इंजिन ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलायचे. बसवण्याआधी टर्बोच्या तेलाच्या तोंडातून स्वच्छ तेल ओतून दांडा हाताने फिरवायचा. नंतर इंधन तोडून स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवायचं, परतीच्या तोंडातून तेल येताना डोळ्यांनी दिसलं की मगच खालचा पाइप जोडायचा आणि गाडी चालू करून चार-पाच मिनिटं रेस न देता आयडलवर ठेवायची.